चौथा पॅनक्रियाज

डोक्याला तेल चोपडून नुकती बसले होते, तेवढ्यात सरांचा फोन आला. महिन्यातून एखादाच रविवार माझा असतो, आणि त्यातही फोन बंद ठेवायची सोय नाही. मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात अवयव प्रत्यारोपणाची को-ऑर्डिनेटर आहे. राहायला वसई पश्चिमेला. कुणाचा मेंदू मृत झाला आणि घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, की त्या माणसाची माहिती काढायची, सर्जनना कळवायची आणि यादीत ज्याचा नंबर असेल त्याला बोलावून घ्यायचं. एकवीस वर्षं हेच करते आहे. लोकांना वाटतं, काय पुण्याचं काम! असेल बाई पुण्याचं. मला तर हल्ली फोनची रिंग वाजली की तो उपडा घालून ठेवावासा वाटतो.

‘तुमच्या वसईतच आहे,’ सर म्हणाले. सर म्हणजे आमचे सर्जन. ‘पूर्वेला. अडतीस वर्षांचा माणूस, बाइकवरून पडला. कमिटीने दोनदा तपासून ब्रेन डेड जाहीर केलंय, बायको तयार आहे. वय चांगलं, वजन कमी, शुगर नॉर्मल. पॅनक्रियाजसाठी बघण्यासारखा आहे. पण हिस्टरी तुम्हीच घ्या. तिथल्या लोकांशी बोलायला तुमच्यासारखं दुसरं कोण आहे आपल्याकडे?’

मला बरं वाटलं ते ऐकून. खोटं कशाला सांगू? या वयातसुद्धा सरांनी चांगलं म्हटलं की मी फुलते. तेलकट डोक्यावर तशीच क्लिप लावली आणि रिक्षा पकडली.

पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड, अंगातलं इन्सुलिन तयार करणारा अवयव. मराठी नाव कुणालाच कळत नाही, म्हणून आम्ही सगळे पॅनक्रियाजच म्हणतो. किडनी दणकट असते. लिव्हरसुद्धा पुष्कळ सांभाळून घेतं. पॅनक्रियाज मात्र भारी रुसका. जरा धसमुसळा हात लागला की सुजतो, चरबी जास्त असली की बाद, मधे हृदय बराच वेळ बंद पडलेलं असलं की बाद. त्यामुळे त्याची चौकशी फार बारीक करावी लागते. वय, वजन, रक्तातली शुगर, गेल्या तीन महिन्यांची शुगर, ब्लड प्रेशर टिकवायला औषध किती लागतंय, स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात जे द्रव्य वाढतं त्याचं प्रमाण. आणि घरच्यांना विचारायचे प्रश्न. डायबिटीस होता का? पोटाचं कधी दुखणं होतं का? दारू पीत होते का? हे सगळं ठीक निघालं तरी शेवटी सर्जन पोट उघडून स्वतःच्या बोटांनी चाचपून बघतो आणि मग हो किंवा नाही म्हणतो. बहुतेक वेळा नाहीच.

आमच्या यादीत तेव्हा पॅनक्रियाजसाठी पहिलं नाव होतं नाशिककडच्या एका शिक्षिकेचं. एकतीस वर्षांची. नवव्या वर्षापासून इन्सुलिनची इंजेक्शनं. त्या डायबिटीसने दोन्ही किडन्या खाल्ल्या, म्हणून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याहून वाईट म्हणजे तिची शुगर कधी खाली जाते ते तिला कळतच नाही. इतरांना घाम फुटतो, हातपाय थरथरतात. हिला काही नाही. वर्गात शिकवता शिकवता फळ्यासमोर कोसळली होती. तेव्हापासून शाळा सुटली. तिला किडनी आणि पॅनक्रियाज, दोन्ही एकाच माणसाचे हवे होते. नुसत्या किडनीच्या यादीत तिच्या पुढे भरपूर लोक होते, आणि नुसती किडनी मिळून तिचं ते कोसळणं थांबणार नव्हतं. एकदा झोपेत शुगर खाली गेली की सकाळी उठणार नाही, हे तिला, तिच्या आईला आणि मला, तिघींना ठाऊक होतं.

तीनदा तिला बोलावलं होतं. पहिल्यांदा पोट उघडल्यावर पॅनक्रियाज चरबीने भरलेला निघाला. दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या आधीच त्या माणसाचं हृदय थांबलं. तिसऱ्यांदा पॅनक्रियाज सुजून लाल झालेला. तिन्ही वेळा ती उपाशीपोटी गाडी करून आली, सगळ्या तपासण्या केल्या, हिरवा गाऊन घालून बसली, आणि तिन्ही वेळा ‘नाही’ सांगायला मीच गेले. तिसऱ्या वेळी गाऊनच्या नाड्या सोडत ती म्हणाली, ‘ताई, आता नक्की असेल तरच बोलवा. आई दर वेळी नवस बोलते. आता बोलायला देव उरले नाहीत आमच्याकडे.’

मी हसले. मग म्हणाले, ‘पुढच्या वेळी मी स्वतः खात्री करीन. मगच तुला फोन करीन.’

असं वचन कुणी देतं का? पोट उघडल्याशिवाय कुणालाच खात्री देता येत नाही, हे मला तिच्याहून चांगलं माहीत. पण त्या दिवशी तिच्याकडे बघून दुसरं काही सुचलं नाही. एकदाचं तिथून निघायचं होतं मला.

तर त्या रविवारी मी पूर्वेच्या त्या हॉस्पिटलात पोचले. तळमजल्यावर कॅन्टीन, पहिल्या मजल्यावर आयसीयू, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्चीत बायको बसली होती, शेजारी तिचा दीर, म्हणजे त्या माणसाचा थोरला भाऊ. चांदीपच्या बाजूच्या एका गावातले. थोडी भातशेती, आणि नवरा सातिवलीला एका गाळ्यात मशीनवर कामाला. बायकोच्या पायात स्लिपर, त्याही वेगवेगळ्या जोडातल्या. घाईत घातलेल्या असणार. रडून रडून डोळे कोरडे झाले होते. मी शेजारी बसले, हात हातात घेतला. ती बोलायला लागली आणि मला माझं माहेरच आठवलं. आम्हीही खाडीकाठचे, भातशेतीवाले. तेच ‘पानी’, तेच ‘कोन’, तोच गळा.

‘डॉक्टरांनी सांगितलं, आता काय नाय होनार,’ ती म्हणाली. ‘मग मी म्हनलं, देऊन टाका. कोनाच्या तरी घरात चूल पेटंल.’

अशी माणसं भेटली की मला स्वतःचीच लाज वाटते. तिचं आयुष्य उलटंपालटं झालंय आणि मी मांडीवर फॉर्म ठेवून बसले आहे. भराभर विचारत गेले. शुगर? नाय. बीपी? नाय. ऑपरेशन? लहानपनी हर्निया. विडी? सोडली.

‘दारू?’

‘नाय बाय. दारूला कधी हात नाय लावला. देवमानूस होता.’

मी लिहिलं, मद्यपान नाही. तिथे दुसरा एखादा प्रश्न विचारता आला असता. मला तो माहीत होता, पण मी विचारला नाही. तिचा हात माझ्या हातात होता, ती आमच्यातली होती, तिला आणखी खोदून काय विचारायचं, असं वाटलं. खरं म्हणजे एवढंही वाटलं नाही. फॉर्म संपवून चहा प्यायचा होता.

सरांना फोन केला. रिपोर्ट सांगितले, सगळे आकडे चांगले. ‘दारू?’ त्यांनी विचारलं. ‘अजिबात नाही,’ मी म्हणाले. ‘वा! बोलवा तिला,’ सर म्हणाले.

साडेदहा वाजले असतील. नाशिकला फोन लावला. आईने उचलला आणि तिच्याकडे दिला. ‘खात्री केलीत?’ तिने विचारलं. मी म्हणाले, ‘केली. स्वतः बसून केली. निघ.’ मग ती आईला म्हणाली, ‘आई, पिशवी काढ.’ एवढंच. वाटलं, चला, एकदा तरी या पोरीचं भलं होईल.

बाकीची कागदपत्रं आटोपून बाराच्या सुमारास खाली कॅन्टीनमध्ये गेले तर दीर एकटाच चहा पुढ्यात घेऊन बसलेला. मला बघून उठायला लागला. ‘बसा हो भाऊ,’ म्हणत मी समोर बसले. असा माणूस बोलायला लागला की बोलू द्यायचं, हे या नोकरीत शिकले. तो भावाबद्दल सांगत होता. शिस्तीचा माणूस. पहाटे उठायचा, शेतावर एक फेरी, मग ताडी, मग आंघोळ, मग कामाला.

‘ताडी?’ मी म्हणाले.

‘हां, दोन गिलास सकाली. आपल्याच वाडीतली. ती भरून द्यायची,’ त्याने वर, भावजयीच्या दिशेने मान केली. ‘संध्याकाली कामावरना आला का परत बसायचा. पन दारू नाय, ताई. गावात सगले पितात, ह्यानं नाय शिवली कधी.’

माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

आमच्याकडे दारू वेगळी आणि ताडी वेगळी. हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दारू म्हणजे बाटलीतली, दुकानातली, घर बुडवणारी. ताडी झाडाची. पहाटे मडकं उतरवलं की गोड असते, बायका-पोरंही घोटभर घेतात. दुपारपर्यंत आंबते, संध्याकाळी चांगलीच चढते, पण म्हणून तिला कुणी दारू म्हणत नाही. माझे वडील म्हणायचे, ‘ताडी काय दारू हाय काय? झाडाचा पानी हाय.’ मला बघायला आलेल्या पाहुण्यांना माझ्या आईने ठणकावून सांगितलं होतं, आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. मडकं मागच्या पडवीत होतं. आई खोटं बोलत नव्हती.

आणि हेही सांगून टाकते. वडील शेवटी पोटाच्या दुखण्यानेच गेले. दर काही महिन्यांनी कळ यायची, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचे, मग बरं वाटायचं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने आईला विचारलं होतं, दारू पितात? आई म्हणाली, नाय. मी तेव्हा कॉलेजात होते, शेजारीच उभी होते. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, आणि मीसुद्धा मान हलवली. त्या मान हलवण्यात मला काही चुकीचं वाटलं नव्हतं. कित्येक वर्षांनी, या नोकरीत आल्यावर, एका पेशंटची फाइल वाचताना डोक्यात लख्ख झालं, की बाबांचं ते पॅनक्रियाजचं दुखणं होतं. तेव्हापासून आमच्या पट्ट्यातला कुणी असला की मी दारूनंतर ताडीचं आणि माडीचं वेगळं विचारते. नेहमी विचारते. त्या दिवशी नाही विचारलं.

‘भाऊ,’ मी म्हणाले, ‘त्यांचं पोट दुखायचं का कधी?’

‘ग्यास व्हायचा. दोनेक वेला लोलला होता पोट धरून. मेडिकलमधून गोली आनली, बरा झाला.’

मी उठले आणि जिन्यात जाऊन बसले. वीसेक मिनिटं बसले असेन. खरं ते लिहायचं तर ती वीस मिनिटं लिहिली पाहिजेत. सांगायचंच नाही, असं मनात आलं. सर स्वतः येऊन चाचपून बघणारच आहेत. आकडे चांगले आहेत. ताडीचं नाव काढलं की ते सावध होणार, आणि सावध झालेला सर्जन जे चाललं असतं तेही सोडून देतो, हे मी अनेकदा बघितलंय. ती पोर एव्हाना इगतपुरीच्या पुढे आली असेल. तिला पुन्हा परत पाठवायचं? पुन्हा मीच सांगायचं? पण समजा सरांच्या बोटांना कळलं नाही आणि त्यांनी तो बसवला. मग? चार दिवसांनी तिच्या पोटात तो सडला, तर पुन्हा पोट उघडायचं, आणि त्यातून ती उठेलच असं नाही. एवढं सगळं माहीत असूनही फोनवर बोट ठेवायला मला वीस मिनिटं लागली.

सरांनी ऐकून घेतलं.

‘अहो, तुम्हाला तिथे पाठवलं कशासाठी?’ मग म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘तुम्ही तिथल्या म्हणूनच ना?’

‘चुकलं सर.’

‘आकडे चांगले आहेत. हात लावल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही. आम्ही निघतोय. तिला येऊ द्या, पण काय आहे ते खरं सांगा तिला.’

तिला फोन केला तेव्हा ती घाट उतरून खाली आली होती. मागे गाडीचा आवाज. मी म्हणाले, ‘जरा शंका निघाली आहे.’

‘किती?’

‘सर बघतील तेव्हा कळेल.’

‘म्हणजे खात्री केली नव्हतीत.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘परत फिरू का?’ तिने विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं, पुढच्या वळणावर डावीकडे जाऊ का विचारावं तसं. मी म्हणाले, ‘नको. ये.’

हायवेवर जाम होता, टीम पोचायला दोन वाजले. तीनच्या सुमारास ऑपरेशन सुरू झालं. मी कोपऱ्यात स्टुलाजवळ उभी. मला तिथे उभं राहायचं कारण नसतं, पण बाहेर खुर्चीत त्या बाईसमोर बसवेना. लिव्हरवाल्यांचं काम चालू होतं, लिव्हर उत्तम होतं. किडन्याही उत्तम. मग सरांनी आत हात घातला. पॅनक्रियाज पोटात मागे, आडवा पडलेला असतो, शेपटीचं टोक डावीकडे, डोकं उजवीकडे. सर अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून शेपटीकडून सावकाश पुढे येत होते. चांगला पॅनक्रियाज हाताला मऊ लागतो, रंगाला पिवळट गुलाबी. वरून हा तसाच दिसत होता. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता.

डोक्याशी आल्यावर त्यांचा हात थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा आला. मग त्यांनी दुसऱ्या सर्जनला हात लावायला सांगितलं. त्यांनीही चाचपलं आणि मान हलवली.

‘शेपूट मऊ आहे,’ सर म्हणाले. मास्कमुळे कळत नव्हतं, पण माझ्याशीच बोलत होते. ‘डोक्याकडे कण लागतायत हाताला. घट्ट झालंय. हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. चाललंही असतं कदाचित. पण तिच्या पोटात मी कदाचित नाही ठेवणार.’

घड्याळात चार वाजून काही मिनिटं झाली होती. तिची आई तेवढ्यात मेसेज करून विचारत होती, पोचलोय, कुठल्या मजल्यावर यायचं? मी नुसता मजला कळवला; ‘नाही’ मेसेजवर लिहवेना, ते तोंडानेच सांगायचं होतं.

बाहेर आले तर ती बाई उठून उभी राहिली. तिच्या पायांतल्या त्या वेगवेगळ्या स्लिपर पुन्हा दिसल्या आणि मला रडू फुटेल असं वाटलं. ‘बाय, सगला लागला ना कामाला?’ तिने विचारलं. तिला सांगायचं तर काय सांगायचं? तुमच्या नवऱ्याचा एक अवयव बाद झाला, रोज सकाळी तुम्ही जे भरून देत होता त्याच्याने झाला? सरांच्या भाषेत मी तिला नुसतं ‘तांत्रिक कारण’ म्हणू शकले असते. ते तिला कळलं नसतं आणि आयुष्यभर टोचत राहिलं असतं.

‘सगळं लागलं, वहिनी,’ मी म्हणाले. ‘लिव्हर, दोन्ही किडन्या, डोळे. चार-पाच घरांत चूल पेटेल.’

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून वर उठवलं आणि तिथून सटकले. हे खोटं बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या दिवशीच्या बाकी सगळ्याचं वाटतं.

टीमच्या गाडीतून मुंबईला गेले. मागे बर्फाच्या डब्यात दोन किडन्या, पुढे पोलिसांची गाडी, सिग्नल सगळे हिरवे. सर खिडकीबाहेर बघत होते. किडन्या यादीतल्या दुसऱ्या दोघांना लागणार होत्या, त्यांचे नातेवाईक आमच्या पोर्चमध्ये उभे राहून हात जोडणार होते. तिला त्यांच्यासमोरूनच खाली न्यावं लागेल, हा विचार डोक्यातून जाईना.

खोलीत गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती. हिरवा गाऊन घातलेला. आई कुठेतरी खाली गेली होती. सकाळपासून पोटात काही नाही, दर तासाला बोटाला सुई टोचून शुगर बघितलेली, बोटांची टोकं काळीनिळी. माझं तोंड बघूनच तिला कळलं. चौथ्यांदा येत होते, न कळायला काय झालं?

‘चांगला नव्हता?’ तिने विचारलं.

‘घट्ट होता. सरांनी नको म्हटलं.’

तिने मान हलवली आणि गाऊनची नाडी सोडायला लागली. तिच्या त्या मान हलवण्यावर मला तिथून निघता आलं असतं. सही घ्यायची, जेवण मागवायचं, पुढच्या वेळी बघू म्हणायचं. आजवर हजारदा केलंय. पण त्या दिवशी पाय हलेनात.

‘ऐक,’ मी म्हणाले. ‘चूक माझी आहे. सकाळी घरच्यांना एक प्रश्न विचारायचा राहिला माझ्याकडून. तो विचारला असता, तर सर बघेपर्यंत तुला घरून निघू दिलंच नसतं मी.’

‘कुठला प्रश्न?’

‘तो सांगता येत नाही. त्या घरचं आहे ते.’

‘पण तुम्हाला माहीत नव्हता का?’

‘माहीत होता.’

‘मग?’

मला खूप काही सांगता आलं असतं. ती बाई रडत होती, माझ्याच बाजूची होती, सुट्टीचा दिवस होता. सगळं खरंच होतं.

‘दमले होते,’ मी म्हणाले.

तिने नाडी सोडायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. शिक्षिकाच ती. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं नाही, तर खरं बोललेल्या मुलाकडे बघावं तसं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, माझं नाव काढून टाका यादीतून, मला नाही यायचं पुन्हा. तेच ऐकायची तयारी करून मी उभी होते. खरं सांगायचं तर त्याचीच वाट बघत होते की काय, कोण जाणे. नाव निघालं असतं तर पाचव्यांदा मला या खोलीत यायला लागलं नसतं.

‘मी पण दमलेय,’ ती म्हणाली. ‘पण नाव राहू द्या. मी येईन. पाचव्यांदा पण येईन, सहाव्यांदा पण येईन. फक्त पुढच्या वेळी चौकशीला तुम्ही जाऊ नका, ताई. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. दमलेली नसेल अशी कुणीतरी.’

आवाजात राग नव्हता. तिने मला ताईच म्हटलं. मी ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मला वाईट वाटायला हवं होतं, किंवा राग तरी यायला हवा होता. एकवीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन बसलेय मी, आणि ही काल आलेली पोर मला घरी बस म्हणते. पण कॉरिडॉरमध्ये आले आणि एकदम सुटल्यासारखं वाटलं. खांद्यावरचं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं. आणि मग त्या सुटल्याची इतकी लाज वाटली की बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. आरशात बघितलं तर डोक्यावर सकाळचं तेल तसंच, केस चप्प बसलेले. दिवसभर मी अशीच सगळ्यांसमोर फिरले होते आणि कुणीच काही बोललं नव्हतं.

सर त्यांच्या खोलीत हात पुसत बसले होते. मी दारातच उभी राहून सांगितलं. ती असं असं म्हणाली. यापुढे तिच्या केसला मी चौकशीला जाणार नाही. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, कुणाच्याच केसला जाणार नाही, मी फोन आणि यादी सांभाळीन, बाहेरचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

मी थांबले. आता सर म्हणतील, काहीतरीच काय बोलता, तुमच्याशिवाय कोण जाणार? सकाळीच तर म्हणाले होते. निदान बसा तरी म्हणतील, चहा घ्या म्हणतील.

सरांनी नॅपकिन घडी करून टेबलावर ठेवला.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘तिचं पुढचं डायलिसिस कधी आहे, ते जरा बघून ठेवा.’